कूलरनं कुजवलेलं छप्पर

अमरावतीतल्या एका जुन्या चर्चचं छप्पर तपासायला मला बोलावलं होतं. तिथल्या ख्रिस्ती मंडळीच्या सचिवबाईंनी मला शाळेत भूमिती शिकवली आहे आणि माझं काम इमारती तपासण्याचं. छपरातून लाकडाचा भुगा बाकांवर पडायला लागला होता आणि बाईंच्या नातीचं लग्न मे महिन्यात तिथंच ठरलं होतं. बाईंचं आणि त्यांच्या मुलीचं लग्नही तिथंच लागलेलं. या वेळी लागेल की नाही, एवढंच त्यांना माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं.

इमारत चांगली आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी स्वतःसाठी बांधली, पुढे मराठी मंडळीकडे आली. चुन्यात बसवलेल्या काळ्या दगडाच्या जाड भिंती, छपराचा भार पेलणाऱ्या सागाच्या तिकोनी कैच्या, वर कौलं. नमुना विलायतेचा, पण उन्हाळा वऱ्हाडाचा. म्हणून छपराला लागून झरोक्यांची ओळ ठेवलेली, तापलेली हवा वरून निघून जावी म्हणून. कैच्यांना मोठ्या झुलत्या पंख्याच्या कड्या अजून आहेत. मागच्या भिंतीत भोक आहे. पंख्याची दोरी त्यातून व्हरांड्यात जायची आणि ओढणारा गडी बाहेर उन्हाच्या झळांत बसायचा. आता त्यातून माइकची वायर जाते.

शिडी लावून वर गेले. कैच्यांची जी टोकं भिंतीत शिरतात, ती काळी पडली होती. पेचकस टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. कौलं मात्र शाबूत, पाऊस कुठून येत नव्हता. मग ओल कुठली, ते वरूनच दिसलं. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांत कूलर आणि सगळे झरोके प्लायवूड ठोकून बंद.

"बाई, झरोके कोणी बंद केले?"

"आमीच. सारा गारवा वर निघून जाये."

"घरी कूलर लावला की खिडकी उघडी ठेवता ना?"

"ठेवतो. पण हे का घर हाय?"

कूलरच्या हवेला बाहेर जायला वाट लागते, नाही तर अंथरूण चिकट होतं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पण एवढ्या उंच इमारतीत दमटपणा कसला, असं सगळे धरून चालले. तो वर जाऊन सागात मुरत राहिला.

"लग्न होते का नाही, ते सांग."

"छप्पर असं असताना नाही होणार. मंगल कार्यालय बघा."

"कार्यालय मले नको सांगू. दुसरं सांग."

दुसरं म्हणजे दोन्ही भिंतींच्या कडेनं, प्रत्येक कैचीखाली लोखंडी टेकू. तिकडचे बाक काढायचे, निम्मे पाहुणे बाहेर मांडवात. झरोके उघडे, कूलर बंद.

"फोटोत पोरगी सेंट्रिंगमधे उभी दिसन."

"दिसेल."

"शाळेतही तू अशीच होतीस," बाई म्हणाल्या आणि टेकू कधी येतील ते विचारलं.

लग्नाच्या दिवशी आलेलं वऱ्हाड अकोल्याचं होतं. नवरदेवाच्या मामानं दारातच टेकू पाहिले. "काय हो बाई, लग्न हाय का स्लॅब टाकून राहिले?"

"दोन्ही हाय. घमेलं देऊ का?"

मामा हसले, पण आत बसल्यावर रुमालानं मान पुसत पुन्हा म्हणाले, "एखादा तरी कूलर लावा ना. माणसं भाजून राहिली."

"कावून? अकोल्यात तुमी बर्फात राहता?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. मामांनी हातातली पत्रिका वारा घ्यायला वापरली. पाळकांनीही उपदेश आवरता घेतला. त्यांचा झगा पाठीला चिकटला होता. लग्न नीट लागलं. मी सगळा वेळ टेकूंवर नजर ठेवून होते, त्यामुळे नवरीनं काय नेसलं होतं ते मला सांगता येणार नाही.