अहो-जाहोचा राग

आरागिरणीतला थोरला लाकडाशी बोलतो, असं लोक म्हणत. ते खोटं होतं. तो लाकडाचं ऐकायचा. ओंडका गाड्यावर चढला, पट्टा-करवतीचं पातं त्यात शिरलं, की आवाज बदले. गाठ कुठं आहे, पोकळी कुठं आहे, हे त्याला पात्याच्या आधी कळे. माणसांशी मात्र तो तोंडाळ. धाकट्या भावाला ‘गाढवा’ म्हटल्याशिवाय त्याचा दिवस उजाडत नसे, आणि धाकट्यालाही ते ऐकल्याशिवाय करमत नसे.

पोरवयातच त्याला मधुमेह झाला. उतारवयात जडतो तो नव्हे. शरीराने इन्सुलिन बनवणंच सोडून दिलं होतं. सुई टोचायची, जेवायचं, कामाला लागायचं. साखर फार उतरली तर हात कापत, घाम फुटे. मग खिशातली साखर तोंडात टाकून तो पुन्हा पात्यापुढे उभा राही.

चाळिशी उलटली आणि ते कापणं थांबलं, घामही थांबला. शरीराने हाक मारणंच सोडलं. साखर खाली खाली जाई आणि त्याला पत्ताच नसे. बाहेरच्यांना एकच खूण दिसे. तो चिडे, आणि चिडला की आदराने बोलू लागे.

“बाई, तुम्ही कोण मला सांगणार?” असं तो बायकोला म्हणाला, की थोरली हातातलं काम टाकून साखरेच्या पाण्याकडे धावे. “अहो, आपण जरा बाजूला व्हा,” हे धाकट्याच्या कानी पडलं, की तो ओरडे, “वहिनी, साहेब आलेत!” दोघं हसत हसत ग्लास त्याच्या तोंडाला लावत. “किती गोड केलंस हे!” अशी तक्रार आली, की समजायचं, साहेब गेले, आपला माणूस परत आला.

एका दुपारी साहेब थेट पात्यापुढेच आले. थोरला ओंडक्याला म्हणाला, “चला, आपण पुढे व्हा,” आणि ओंडक्याबरोबर त्याचा हातही पुढे निघाला. धाकट्याने मानगूट धरून त्याला मागे खेचलं. बाही गेली, हात राहिला.

त्यानंतर त्या घरात ‘साहेब’ हा शब्द कोणी हसून उच्चारला नाही. पात्यापुढे धाकटा उभा राहू लागला आणि थोरला काचेच्या खोलीत फळ्यांची मापं लिहीत बसू लागला. आता ‘अहो’ची वाट कोणी बघेना. त्याचा आवाज जरा चढला, की ग्लास हजर. गिऱ्हाईक खोटं बोललं म्हणून तो भडकला, तरी ग्लास. धाकट्याने फळी वाकडी कापली म्हणून ओरडला, तरी ग्लास.

“माझा रागसुद्धा माझा राहिला नाही गं,” तो बायकोला म्हणाला. “तोंड उघडलं की साखर. मी माणूस आहे की मुंगी?”

थोरलीला हसू आलं, पण तिने ग्लास खाली ठेवला नाही.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हा एक उपाय सांगितला. स्वादुपिंडात पेशींचे बारीक पुंजके असतात, त्यांना बेटं म्हणतात. इन्सुलिन तीच बनवतात, आणि थोरल्याची कधीच मरून गेली होती. गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी दान दिलं, तर त्या स्वादुपिंडातली बेटं सोडवून घ्यायची आणि थोरल्याच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडायची. यकृतात ती रुजली, तर रक्तातली साखर बघून इन्सुलिन सोडतील.

“म्हणजे कलम,” थोरला म्हणाला.

“कलमच. पण शरीर परक्याला हाकलायला बघतं. म्हणून गोळ्या घ्याव्या लागतील, कलम जगेल तोवर. त्या गोळ्यांनी अंगातली पहाऱ्याची ताकद कमी होते. गिरणीतल्या भुशाच्या धुळीत उभं राहायचं नाही.”

“पात्यापुढे?”

“नाही. आणि सुई पूर्ण सुटेलच असंही सांगत नाही. पुन्हा एकदा बेटं सोडावी लागतील कदाचित. पण शरीर पुन्हा हाक मारायला लागण्याची आशा आहे.”

थोरल्याने आपले तळहात पाहिले. मग म्हणाला, “पातं राहू द्या. माझा राग तेवढा परत द्या.”

वाट बघण्यात पानगळ गेली, नवी पालवी आली. मग एका सकाळी दवाखान्यातून फोन आला, आणि नवरा-बायको होते तसे निघाले.

पोट फाडायचं नव्हतं. बरगडीखालची जागा बधिर करून, सुईच्या वाटेने यकृताच्या शिरेत बारीक नळी घातली आणि वर एक पिशवी टांगली. आत गढूळसं पाणी. थोरला जागाच होता.

“एवढंच?” त्याने विचारलं.

“एवढंच. पण हे कुणाचं तरी आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पिशवी रिकामी होईपर्यंत तिच्यावरून थोरल्याने नजर काढली नाही.

बाहेर थोरली दाराला पाठ लावून उभी होती. आत रक्त सुटू शकतं, शिरेत गुठळी होऊ शकते, हे तिला आधीच सांगितलं होतं. चाकांची खाट बाहेर आली तेव्हा ती पुढे झाली नाही. त्याचा पहिला शब्द कोणता येतो, एवढंच ऐकत राहिली.

“अगं, बघतेस काय? पाणी दे!”

तिने तिथंच डोळ्यांना पदर लावला.

पुढे सुईतलं औषध हळूहळू कमी होत गेलं. एकदा जेवायला उशीर झाला आणि थोरल्याचा हात कापला, कपाळावर घाम आला. तो घाम त्याने आरशात जाऊन पाहिला; हरवलेला मित्र दारात उभा राहावा तसा. धाकट्याच्या मनातली भीती मात्र जागची हलली नव्हती.

मग गिरणीत एक जुनाट ओंडका आला, दोघांच्या कवेत न मावणारा. थोरला काचेमागे तोंडाला फडकं बांधून बसला होता. थोरली त्याच्या गोळ्या घेऊन आली होती. पहिली फळी निघाली आणि थोरला ताडकन उठला. लाकडाच्या आवाजाखाली एक बारीक शीळ होती.

लोखंड. पात्याने ते नुसतं चाटलं होतं. पुढच्या फेरीत ते पुरतं भेटणार. पात्याचा पट्टा तुटला, तर चाबकासारखा सुटून समोर उभ्या माणसाच्या गळ्यावर येतो.

“थांबव!” तो ओरडला. करवतीच्या घरघरीत आवाज बुडाला. धाकट्याने काचेतून पाहिलं: भाऊ हात झाडतोय, भिंतीवर मुठी आपटतोय. त्याने वहिनीला ओठांशी अंगठा नेऊन खूण केली. पाजा. आणि गाडा पुढे सोडला.

थोरली ग्लास घेऊन उभी राहिली, नेमकी भिंतीवरच्या, गाडा आणि करवत बंद करायच्या खटक्याच्या आड. नवऱ्याचे हात थरथरत होते, कपाळ घामाने निथळत होतं.

“आधी प्या. एक घोट. मग बोला.”

गाडा सरकत होता.

“अगं, खटका पाड! त्या गाढवाचा गळा जाईल!”

अगं. गाढव.

थोरली गर्रकन वळली आणि तिने सगळ्या अंगाचा भार टाकून खटका खाली ओढला. गाडा जागीच थांबला. पातं आपल्या वेगाने फिरत राहिलं, किंचाळलं, ठिणग्या उडाल्या. घरघर उतरत उतरत बंद पडली.

मग नुसता भुसा खाली बसत राहिला.

धाकट्याने पाचर मारून ओंडका उकलला. आत बोटाएवढा जाड लोखंडी आकडा होता. झाडाने तो केव्हातरी गिळून वरून साल धरली होती. पात्याचा एक दात त्याच्यात रुतला होता. धाकट्याने तो दात पाहिला, आपल्या गळ्यावरून हात फिरवला आणि तिथंच ओंडक्यावर बसला.

थोरलीने नवऱ्याचं बोट टोचून मीटर पाहिलं, आणि धाकट्यापुढे धरलं. साखर जागच्या जागी होती.

“दादा...” धाकटा म्हणाला. त्याचेच हात आता कापत होते.

थोरल्याने बायकोच्या हातातला ग्लास घेतला आणि भावापुढे केला. “घे, पी.”

धाकट्याने एका दमात पाणी संपवलं आणि तोंड वाकडं केलं. “वहिनी, किती गोड केलंय हे!”

“इतकी वर्षं मी दुसरं काय सांगत होतो, गाढवा?” थोरला ओरडला. त्याचा आवाज चांगलाच चढला होता. थोरलीने रिकामा ग्लास उचलला, धुतला आणि पालथा घातला.