बोटवाल्या चाचांची चौकशी

बोटवाले चाचा पहिल्या भेटीत कुणावरही विश्वास ठेवत नसत. मी बाजारातून बांगडे आणले की आधी कल्ले उचलून बघत, मग माझी विचारपूस. सगळं आयुष्य परदेशी बोटींवर खानसामा म्हणून गेलेलं. रत्नागिरीत आमच्या शेजारी कायमचे राहायला आले तेव्हा सोबत इंग्रजी आणली, आणि त्या भाषेबद्दलचा संशयही.

"गोरा साहेब घर ॲक्वायर करतो, दारूची सवय ॲक्वायर करतो आणि चांगलं नावपण ॲक्वायरच करतो," ते मला सांगत. "जसं काय सगळं दुकानात मांडलेलं! घर विकत मिळंल रे. सवय आपल्याला धरते, आणि नाव लोकांच्या तोंडात. ते ह्याच्या हातात कसं येतं?" असं बोलणारा माणूस त्यांना लबाडच वाटे.

त्यांच्या मुलीला, रुबीनाला, राजापूरकडच्या नाटे गावातलं स्थळ आलं. मुलगा आखातात, दोहाला नोकरीत. बघायला आला तेव्हाच तो रुबीनाच्या मनात भरलाय हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. चाचांवर छाप पाडायला बिचारा इंग्रजीत बोलला: फ्लॅट ॲक्वायर केला, पहाटे उठायची सवय ॲक्वायर केली, कंपनीत नाव ॲक्वायर केलं. चाचांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

लग्नाआधी चौकशी सगळेच करतात, पण गुपचूप, नात्यातल्या कुणाला तरी पुढे करून. चाचांचा मध्यस्थावरही भरवसा नव्हता. स्वतः एस.टी.नं नाटे बंदरावर गेले आणि मासळीच्या भर लिलावात एकेकाला गाठत सुटले. "पोरगा पितो काय? तिकडं दुसरी बायको-बियको?" मुलात काडीची खोट निघाली नाही. पण गावात कुजबुज सुरू झाली. म्हातारा एवढ्या लांबून आला म्हणजे काहीतरी असणारच! मुलाच्या आईनं नकार कळवला, "माझ्या पोराचं नाव तुम्ही घालवलंत."

चाचा पुन्हा गेले, या वेळी मला घेऊन. त्याच बंदरावर हात जोडून म्हणाले, "पोरगा सोन्यासारखा हाय. चूक माझी." जाळं शिवणारा एक जण मानही वर न करता म्हणाला, "तुमचं तोंड कुणी पैसे देऊन बंद केलान, चाचा?"

मला त्यांचा संताप आला होता, आणि कीवही. घरी रुबीना दारातच उभी होती. त्यांचा चेहरा बघून एवढंच म्हणाली, "अब्बा, आता माझ्यासाठी कुणाला काय विचारू नका."

त्यानंतर चाचा वारेपर्यंत, ती जेवली की नाही हेसुद्धा ते मला विचारायला लावत.