नानांच्या छातीतून पाहिलेलं ग्रहण

चूक नानांची, म्हणजे माझ्या बापाची. आधीच सांगून टाकतो. जो माणूस घरात तोंड उघडत नाही, त्याचे किस्से इतरांकडे साचतात. मी कॉलेज सोडून जामनेरला त्यांच्या सरकी-ढेपेच्या दुकानात बसतो, त्यामुळे माझ्याकडे ढीग आहे.

नानांचं ताट वेगळं, ग्लास वेगळा. मला नि ताईला ताप आला तरी दारातूनच विचारायचे, "उतरला का?" पुढे मोठा झाल्यावर मी तोंडावर म्हणायचो, "आत यायला परवानगी लागते का, साहेब?" ते दारातूनच परत फिरायचे.

*

लहानपणी एकदा सूर्यग्रहण होतं. नानांनी कपाटावरून जुना एक्स-रे काढला, कात्रीने कापून गल्लीतल्या पोरांना वाटला. कोणाचा, हे विचारायची सोय नव्हती. माझ्या तुकड्यावर पांढरा ठिपका.

"नाना, माझा खराब आहे."

"त्यातूनच पाह्य."

*

यंदा नाना दुकानात पडले. बरगडीसाठी जळगावला स्कॅन केला, तर फुफ्फुसात ठिपका निघाला. ताई तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी आलेली. ती रडायलाच लागली. शिंदखेड्याहून अक्का आली, नानांची मोठी बहीण. कॅन्सर हा शब्द कोणी उच्चारेना.

डॉक्टर म्हणाले, "चुन्यासारखा कडक दिसतोय. असा ठिपका बहुतेक जुना असतो. आधीचा एक्स-रे आहे?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. "त्यातून आम्ही ग्रहण पाहिलं."

"डोळे शाबूत आहेत ना? नाना, कधी टीबी झाला होता?"

"नाही."

"व्हयेल व्हता," अक्का म्हणाली. "लगीनना आधी. धुळाले दवाखानाम्हा औषध लिधं. मीच सांगेल व्हतं, कोनले सांगू नको, लगीन मोडी जाई."

धन्य ती बहीण, आणि तिचं ऐकणारा धन्य भाऊ.

"कोर्स पूर्ण केला होता?"

नानांनी मान डोलावली.

"मग हा भरलेल्या जखमेचा वण आहे. तिथे कॅल्शियम साचलंय. काळजी नको."

नानांनी खाली बघत विचारलं, "दुसऱ्याला लागंल का?"

"तुम्ही तेव्हाच बरे झालात, नाना. या पोरांच्या जन्माआधी."

*

घरी आल्यावर नानांनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. पुसले. परत धुतले. मग ताईच्या खोलीच्या दारात आले, थांबले, आणि आत गेले.

"दे इकडं."

ताईने मुलगी त्यांच्या हातात दिली. "नाना, मान धरा. मानेखाली हात घ्या. असा."

दोन पोरांचा बाप. त्याने आम्हाला कधीच उचललेलं नव्हतं.