चाळीस कोयते, ऐंशी माणसं

चकलांब्याच्या छबुबाई वीस वर्षं ऊस तोडतायत. जनगणनेसाठी मी माजलगावजवळच्या फडावर गेले, तर मुकादमानं यादीच पुढं केली. "चाळीस कोयते हायत. उतरवा अन् निघा."

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. यादीत नाव मात्र एकट्या नवऱ्याचं. बायकांच्या कामाचं काय लिहू म्हटलं, तर म्हणतो, "घरकाम!"

माझं डोकंच फिरलं. मी छबुबाईंनाच विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

मुकादम डोळे वटारून उभा. त्यांचा नवरा पुटपुटला, "गप ऱ्हा."

छबुबाईंनी डोक्यावरची मोळी धाडकन खाली टाकली. "पाळीत खाडे पडत्यात म्हणून गर्भाची पिशवी काढून टाकली म्या. घरकामासाठी कुणी पिशवी काढतं व्हय? लिहा, ऊसतोड."