अंगठ्याचं कुंकू आणि अर्धा डोळा

माझं कोणी ऐकलं नाही, हे आधीच सांगून टाकते. ऐकलं असतं तर मंगलाताईंचा डावा डोळा अर्धा मिटला नसता आणि मला कामावरून काढायची गोष्टही निघाली नसती. मी तोंडावर सांगितलं होतं, सगळ्यांसमोर सांगितलं होतं. पण चौथी शिकलेल्या बाईनं इंजेक्शनबद्दल काही म्हटलं, तर लोक आधी तिच्या हातातला झाडू पाहतात.

मी यवतमाळात एका स्किनच्या दवाखान्यात काम करते. खाली दवाखाना, वर डॉक्टर मॅडमचं घर. पेशंटला आत सोडायचं, सुई टोचल्यावर बर्फ धरायचा, फरशी पुसायची, ही माझी कामं. जिनिंगच्या कारखान्याशेजारच्या घरात कापूस कोणी आणून टाकत नाही, तरी संध्याकाळी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत त्याचे तंतू बसलेले असतात. दवाखान्यातले किस्से तसेच. मी गोळा केले नाहीत, अंगावर येऊन बसले. त्यातले मंगलाताईंचे तेवढे सांगते, कारण त्यांच्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली होती.

*

ते वर्ष गुलाबी बोंडअळीचं. बोंड वरून हिरवं, आतून पोखरलेलं. लोक मला विचारायचे, "कापूस गेला, मंग तुमच्या दवाखान्यात एवढी गर्दी कायची?" मी म्हणायची, "कापूस गेला म्हणून लग्नं थांबतात का?"

मंगलाताईंच्या पुतण्याचं लग्न होतं. त्यांच्या यजमानांचं मारेगावला बी-बियाण्याचं दुकान. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. लग्नाला पुण्याहून धाकटी जाऊ येणार होती, वैशाली. या वैशालीनं घरच्या ग्रुपवर स्वतःचा फोटो टाकला होता. कपाळ असं गुळगुळीत, जणू इस्त्री केलेलं. तो फोटो पाहूनच मंगलाताई मारेगावहून आमच्याकडं आल्या.

मॅडमनं शांतपणे समजावलं. "ताई, चार पर्याय आहेत. बोटॉक्सनं कपाळाचे स्नायू सैल होतात, आठ्या पडत नाहीत. फिलरनं खळगे भरून येतात. पीआरपीमध्ये तुमचंच रक्त काढून मशिनमध्ये फिरवतो आणि त्यातला पिवळा भाग चेहऱ्यात सोडतो. आणि स्किन बूस्टरनं त्वचेत ओलावा टिकतो."

मंगलाताईंनी प्रत्येक वाक्याला मान हलवली. शेवटी विचारलं, "बरं, मंग यातलं वैशालीनं कोणतं घेतलं असंल?"

बाहेर आल्यावर त्यांनी मला धरलं. "मावशी, मले तर काही समजलं नाही. सोप्या भाषेत सांगा."

मी जेवढं ऐकलं होतं तेवढं सांगितलं. "एक झोपवते, एक भरते, एक तुमचंच तुमाले देते, आन एक ओलित करते."

"मंग मले कोणतं पाह्यजे?"

"मले काय माहीत? मी फरशी पुसतो."

*

दुसऱ्या खेपेला भाऊ सोबत आले. दुकानदार माणूस, त्यांनी औषधांचे खोके हातात घेऊन उलटसुलट पाहिले. मग मॅडमला म्हणाले, "मॅडम, आमच्या धंद्यात नवीन वाण कोणी सगळ्या वावरात लावत नाही. पहिले डेमो प्लॉट करतात. धुऱ्याच्या बांधाकडच्या दोन ओळी या वाणाच्या, दोन त्या वाणाच्या. जे चांगलं येईल ते दुसऱ्या वर्षी सगळीकडं."

"म्हणजे?" मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे डाव्या गालाले हे टोचा, उजव्या गालाले ते. आम्ही पाहून ठरवतो."

मॅडमनं पेन खाली ठेवला. "भाऊ, हा चेहरा आहे, वावर नाही."

मंगलाताई मध्येच बोलल्या, "मले चालते. फोटोत मी तशीबी एकाच बाजूनं उभी राहतो."

*

तिसऱ्या खेपेला त्यांच्यासोबत मैत्रीण पुष्पाताई. पुष्पाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. दोघींचं ठरलं होतं, दोघींनी घ्यायचं. पण पहिले कोणी घ्यायचं ते ठरलं नव्हतं.

"पहिले तू घे. मी पायतो."

"काहून? तू शिकलेली हायेस, तू घे."

"म्हणूनच तर पायतो म्हणतो."

आमच्या बाकावर दोघी चहाचे दोन कप होईस्तोवर भांडल्या. शेवटी पुष्पाताई तयार झाल्या, मॅडमसमोर बसल्या आणि विचारलं, "बोटॉक्स घेतल्यावर आठी पडतच नाही का?"

"काही महिने नाही पडणार."

"मले राग आला तरी?"

"राग येईल. दिसणार नाही."

पुष्पाताई तशाच उठल्या, पर्स खांद्याला लावली. "मॅडम, माझी आठी पाहून पोरं पाढे म्हणतात. ती गेली तर मी वर्गात काय दाखवू?"

*

मग रक्ताचं ठरलं. स्वतःचंच रक्त, म्हणजे भेसळ नाही, असं भाऊंचं म्हणणं. बियाण्याच्या धंद्यातला माणूस, भेसळीला फार घाबरतो.

मंगलाताई खुर्चीत बसल्या, बाही वर केली. मॅडमनं सुई काढली, आणि मंगलाताईंना एकदम प्रश्न पडला.

"थांबा. रक्त माझं?"

"तुमचंच."

"चेहराबी माझा?"

"हो."

"मंग यात तुमचं काय हाये?"

मॅडम म्हणाल्या, "सुई."

मंगलाताईंनी सुईकडं पाहिलं आणि बाही खाली केली.

*

एक किस्सा माझाही सांगते, कारण तो पुढं माझ्या विरोधात निघाला. बसल्या बसल्या मंगलाताई माझ्या तोंडाकडं पाहत होत्या. "मावशी, तुमच्या गालाले एक सुरकुती नाही. तुमी काय लावता?"

मी म्हटलं, "ऊन."

बाकावरच्या सगळ्या बाया हसल्या. दोघी उठून निघूनही गेल्या. मॅडमनं मला आत बोलावलं. "नंदाबाई, आम्ही इथं लोकांना उन्हात जाऊ नका म्हणून सांगतो. पुन्हा पेशंटला सल्ला द्यायचा नाही. दिला तर मला दुसरी बाई पाहावी लागेल."

मी हो म्हटलं. घरात कमावणारी मी एकटी, हो म्हणावंच लागते. पण मी काय खोटं सांगितलं होतं, ते मला आजही समजलं नाही.

*

शेवटी मंगलाताईंनी निवडलं ते काही मॅडमच्या समजावण्यानं नाही. आमच्याच बाकावर बसून त्यांनी वैशालीला फोन लावला, स्पीकरवर. गोड आवाजात विचारलं, "वैशाली, तू चेहऱ्याले काय करतं गं?"

तिकडून वैशाली म्हणाली, "काही नाही ताई. मी भरपूर पाणी पिते."

"असं का."

"हो ना. आणि ताई, राग मानू नका, पण तुमचं बाकी सगळं छान आहे. फक्त ती कपाळावरची आठी फार दिसते."

मंगलाताईंनी फोन ठेवला. ती आठी तेव्हा खरंच फार दिसत होती. उठून सरळ मॅडमच्या दारात गेल्या. "बोटॉक्स. आजच."

*

आता ऐका. तो दिवस संक्रांतीनंतरचा, हळदीकुंकवाचे दिवस. मॅडमनं मंगलाताईंच्या कपाळाला दोन भुवयांच्या मध्ये बारीक बारीक सुया टोचल्या आणि बजावलं, "ताई, चार तास कपाळाला हात लावायचा नाही. दाबायचं नाही, चोळायचं नाही. औषध सरकलं तर पापणीवर उतरू शकते."

मंगलाताई बाहेर आल्या. आणि जिन्यावरून आवाज आला, "अगं खालच्या बायांनो, वर या, कुंकू लावून घ्या!"

त्या मोठ्या बाई. मॅडमच्या सासूबाई. दरवर्षी वर हळदीकुंकू घालतात आणि खालची एकही पेशंट कोरडी जाऊ देत नाहीत. आता मोठ्या बाईंचं कुंकू म्हणजे काय, हे मॅडमला माहीत नव्हतं, कारण त्या वेळी त्या नेहमी दवाखान्यात असतात. मला माहीत होतं. मोठ्या बाई बोटानं कुंकू लावत नाहीत. एका हातानं डोक्याची मागची बाजू धरतात आणि दुसऱ्या हाताचा अंगठा कपाळावर रोवतात, तो खालून वर फिरवतात. म्हणतात, "बोटाचं कुंकू दुपारी पुसते, अंगठ्याचं सांजेपर्यंत राहते." दरवर्षी तो अंगठा माझ्याही कपाळावर पडतो. मला त्या दिवशी जेवण गोड लागत नाही.

मी जिन्यात आडवी आले. "ताई, आज कुंकू लावू नका."

जिन्यावरच्या बाया जागच्या जागी थांबल्या. संक्रांतीच्या दिवसात, सवाशीण बाईला, कुंकू लावू नको! पुष्पाताई त्या दिवशीही सोबत होत्याच. म्हणाल्या, "मावशी, जिभेले हाड हाये का तुमच्या?"

मी धावत मॅडमकडं गेले. मॅडम दुसऱ्या पेशंटच्या गालात सुई घालून होत्या. "मॅडम, मोठ्या बाई कुंकू लावून राह्यल्या. ताईले अडवा."

"नंदाबाई, कुंकवाच्या टिकलीनं काय होतं? जाऊ द्या. आणि सल्ले देऊ नका म्हटलं होतं ना?"

गेल्या मंगलाताई. परत आल्या तेव्हा कपाळावर रुपयाएवढं लालभडक, हातात तिळगुळाचा पुडा आणि डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "काय प्रेमानं लावलं बाईनं."

*

आठवडा झाला आणि डावी पापणी उतरली. पूर्ण नाही, अर्धी. दुपारच्या दुकानाचं शटर असते तशी. लग्न तोंडावर. मॅडमनं थेंब दिले आणि सांगितलं, काही आठवड्यांत आपोआप बरं होईल. पण लग्न काही आठवडे थांबणार नव्हतं.

भाऊ, मंगलाताई, पुष्पाताई, तिघं दवाखान्यात आले. भाऊंनी बसायच्या आधीच बोट माझ्याकडं केलं. "ह्या बाईले आजच्या आज काढा. इनंच सवाशिणीले कुंकू लावू नको म्हटलं. इच्याच तोंडानं माझ्या बायकोचा डोळा पडला."

सांगा आता. मी वाचवायला गेले, तर माझंच तोंड लागलं.

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, बोलण्यानं डोळा पडत नाही. औषध चांगलंच होतं. नंतर काळजी घेतली गेली नाही. कपाळ दाबलं गेलं."

भाऊ गरजले, "हे काय उत्तर झालं? गिऱ्हाइकावर ढकलता?"

मला राहवलं नाही. नोकरी जाणारच असेल तर तोंड बंद ठेवून कायले जाऊ द्यायची? मी म्हटलं, "भाऊ, माझा भाऊ तुमच्या दुकानात बोंडं घेऊन आला होता, किडकी. तुमी त्याले काय म्हटलं? बियाणं चांगलंच होतं, काळजी घेतली नाही. मॅडम तुमचंच वाक्य बोलून राह्यल्या."

भाऊ बसले. पुष्पाताई भिंतीवरचा चेहऱ्याचा तक्ता वाचायला लागल्या.

भाऊ हळू आवाजात म्हणाले, "ठीक हाये. दाबलं तर दाबलं. पण कोणी दाबलं?"

भाऊ सोडून खोलीतल्या सगळ्यांनी एकदम छताकडं पाहिलं. मॅडमनंही पाहिलं. मग मॅडमनं नजर खाली आणली आणि ती माझ्यावर ठेवली. मी समजले. सासूचं नाव त्या घेणार नाहीत, आणि नाव तर कोणाचं तरी पाहिजे.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मोठ्या बाई, हातात करंडा. रथसप्तमी झाली नव्हती ना अजून. "कायचा गलका चालला? कोणी दाबलं, काय दाबलं?"

मी म्हटलं, "मोठ्या बाई, भाऊंले पायचं हाये तुमी कुंकू कसं लावता ते."

"बस एवढंच?" त्यांनी करंड्यात अंगठा बुडवला, भाऊंचं डोकं मागून धरलं आणि अंगठा रोवला. भाऊंची खुर्ची मागच्या दोन पायांवर गेली. डोकं तक्त्यावर आपटलं, तक्ता खिळ्यावरून खाली आला. अंगठा मात्र कपाळावरून निघाला नाही, निवांत वर गेला आणि मगच सुटला.

"असं," मोठ्या बाई म्हणाल्या. "प्रेमानं लावावं लागते."

भाऊंच्या नाकाच्या शेंड्यापासून केसांपर्यंत लाल झालं होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी मोठ्या बाईंकडं पाहिलं, हात जोडले, वाकून नमस्कार केला. दुसरं काय करणार? सवाशिणीचं कुंकू. त्याला गुन्हा कोण म्हणेल?

मग ते बायकोकडं वळले. "मंगल, डोळा तुहा हाये. आता तूच सांग, हे कोणाच्यानं झालं. जिचं नाव घेशील, तिले मी सोडत नाही."

मंगलाताईंनी मोठ्या बाईंकडं पाहिलं. मॅडमकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं, एका पूर्ण डोळ्यानं आणि एका अर्ध्या. माझ्या हातात झाडू होता, तो मी भिंतीला टेकवून ठेवला, म्हटलं जायचं तर मोकळ्या हातानं जाऊ. मंगलाताईंना आठी घालायची होती, हे मला स्पष्ट कळत होतं. पण कपाळ हललं नाही, इस्त्री केल्यासारखं गुळगुळीत राहिलं. त्याच गुळगुळीत चेहऱ्यानं त्या म्हणाल्या,

"वैशाली."