फिरतंय म्हणजे चालतंय

शेजाऱ्याच्या घरात नाक खुपसणं ही माझी खोड आहे, असं लोक म्हणतात. खोड कसली, जोडधंदा आहे तो. मुख्य धंदा घरी बसून कपडे दुरुस्त करण्याचा: चेन बदलणं, बाह्या छाटणं, कंबर सैल करणं. कुणाची कंबर यंदा किती वाढली हे ज्या बाईला टेप लावून ठाऊक असतं, तिच्यापासून बाकीच्या गोष्टी लपवून लोकांना काय मिळतं, देव जाणे.

आमच्या समोरच्या दारात भाऊ राहतात. लिफ्ट दुरुस्त करणं हे त्यांचं तीस वर्षांचं काम. अंगानं काटकुळे, बोलणं तोलूनमापून. कुठल्याही लिफ्टमध्ये शिरले की डोळे मिटून उभे राहतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बिचारा दमलाय. पण ते ऐकत असतात. "तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे कुरकुरतेय," असं म्हणतात, आणि तपासलं की दुखणं नेमकं तिथंच निघतं. मी एकदा म्हटलं, "भाऊ, माझ्या नवऱ्यालाही ऐकून बघा की. कुठेही कुरकुरतो."

"भार जास्त झाला की कुरकुरणारच, ताई," ते म्हणाले आणि लिफ्टनं खाली निघून गेले. माझ्या अंगाकडे बघून म्हणाले की नाही, याचा मी अजून शोध घेतेय.

त्यांची एक गंमत सगळ्या इमारतीला माहीत आहे. यंत्रखोलीत गेले की आधी मेन स्विच खाली ओढतात, पेटीला कुलूप लावतात आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकतात. मगच यंत्राला हात. साहेब उभा असो, घाई असो, कुणी अडकलेलं असो, यात बदल नाही. स्वतःच्या घरातल्या मेनच्या पेटीलाही त्यांनी चिमुकलं कुलूप घातलंय. साधा बल्ब बदलायचा असला तरी अख्खं घर बंद, आणि किल्ली खिशात. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दवाखान्यात केसपेपर काढतात. त्या म्हणतात, "लग्नाच्या आधी सांगितलं असतं, तर मी मेणबत्त्यांसकट आले असते."

यंदा कंपनीनं फतवा काढला. नव्या लिफ्ट येताहेत, सगळं डोकं त्यांचं कॉम्प्युटरचं. तेव्हा जुन्या मेकॅनिकांनी घरी बसून ऑनलाइन कोर्स करायचा. बारा धडे, प्रत्येक धड्याच्या शेवटी पडद्यावरच सराव, आणि महिनाअखेरीला पडद्यावरच तोंडी परीक्षा. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर यंत्रखोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा जमा करायचा आणि गोदामात बसून नटबोल्टचे डबे लावायचे. भाऊंच्या कमरेचा तो जुडगा वाजला की आम्हाला कळतं, अडीच वाजले, भाऊ कामावरून आले. तो वाजायचा थांबला तर माणूस पुढे कशाच्या जोरावर चालेल, हा प्रश्न मलाच पडला होता. त्यांना तर पडलाच असणार.

दूरच्या गावी नोकरी करणाऱ्या लेकीनं लॅपटॉप पाठवला. वायफायचा डबा बसला. भाऊ रोज चार वाजता दार लावून अभ्यासाला बसू लागले. वहिनी सहाला घरी यायच्या तोवर सगळं आवरलेलं असायचं.

महिना संपायला पंधरा दिवस उरले आणि कंपनीचं पत्र आलं. बारापैकी पूर्ण केलेले धडे: शून्य. शेवटी एक ओळ होती, आपण या पद्धतीत रस घेत नसल्याचे दिसते.

वहिनी ते पत्र घेऊन माझ्याकडे आल्या आणि त्यांनी ते शिलाई मशीनवर आपटलं. "रोज तासभर दार लावून बसतो हा माणूस! मग करतो काय आत?"

आता मला सांगा, असा प्रश्न कानावर पडल्यावर कुठल्या बाईला पँटची चेन बसवणं सुचेल?

मी चौकशी सुरू केली. वहिनींचं मत, चष्मा. "नंबर वाढलाय, पण म्हातारं दिसायचं नाही ना!" लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "अगं मावशी, बाबांना ते वापरायलाच जमत नसेल. माऊस बघितला की घाबरत असतील." भाऊ! दहा मजल्यांच्या खड्ड्यावर एका फळीवर उभं राहून काम करणारा माणूस माऊसला घाबरतो म्हणे. माझ्या नवऱ्याचं मत सगळ्यात सोपं होतं: "झोपत असेल. मी तरी झोपलो असतो." माझं स्वतःचं मत जरा रंगीत होतं, पण ते वहिनींना सांगण्यासारखं नव्हतं, आणि पुढे ते खोटं ठरल्यामुळे इथेही सांगत नाही.

एकदा जिन्यात भाऊंना गाठून सरळच विचारलं. "भाऊ, खरं सांगा, ते पडद्यावरचं शिकणं आवडत नाही ना तुम्हाला?"

"आवडतं की," ते म्हणाले.

हे उत्तर माझ्या यादीत नव्हतं.

"आमच्या वेळचा उस्ताद एकदा दाखवायचा. पुन्हा विचारलं तर पान्हा डोक्यात घालायचा. हा पडद्यावरचा मास्तर सतरा वेळा थांबवा, सतरा वेळा मागे न्या, कपाळाला आठी नाही. चांगला माणूस आहे." मग हळूच म्हणाले, "माणूस चांगला आहे. माझंच डोकं कमी पडतंय, ताई."

आवडतं, रोज बसतात, आणि निकाल शून्य. हा हिशोब काही जुळेना.

मग मी बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष देऊ लागले. वहिनी तक्रार करत होत्या की फ्रीजमधला बर्फ रोज पातळ होतो, आणि दुरुस्तीवाला दोनदा येऊन काहीच बिघाड नाही म्हणून गेला. ओव्हनवरचं घड्याळ रोज संध्याकाळी बारावर येऊन डोळे मिचकावत असतं. आणि मी दोन वेळा पाच-सव्वापाचला काही ना काही निमित्त काढून गेले होते, तर त्यांची बेल वाजलीच नव्हती. तेव्हा वाटलं होतं, सेल संपला असेल. पण बेल सेलवर नाही, विजेवर आहे. आणि सकाळी दूधवाल्यानं दाबली तर मला इथे झोपेत ऐकू येते.

महिना संपायला दोन दिवस होते. सव्वापाचला मी बेलच्या नादी न लागता दार ठोठावलं, हातात दुरुस्तीला आलेला त्यांचाच एक शर्ट घेऊन. बटण तुटलेलं नव्हतं, ते मी घरी तोडून घेतलं होतं.

बराच वेळ काही नाही. मग दार चार बोटं उघडलं. आत मिट्ट अंधार, पडदे ओढलेले. भाऊंच्या कपाळावर पट्ट्याचा टॉर्च, हातात कामावरचे रबरी मोजे.

"भाऊ, घरात लिफ्ट बसवताय का?"

"शर्टाचं नंतर, ताई," ते म्हणाले आणि दार लावायला लागले. पण माझा पाय आधीच आत होता. वर सांगितलंच, जोडधंदा.

स्टुलावर लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर नव्या लिफ्टच्या पॅनेलचं चित्र, आणि त्याच्या मधोमध एक छोटं चक्र गरगर फिरत होतं. समोर खुर्ची मांडलेली, नाटकाला बसावं तशी.

"हे काय फिरतंय?"

"उत्तरं जाताहेत कंपनीला." भाऊंचा चेहरा जरा खुलला. "सगळा सराव झाला की मी दहा मिनिटं बसून बघतो. मोटर सोडल्यावर बघतो तसं. एका लयीत फिरतंय म्हणजे चालतंय."

मी कपड्यांचं सामान ऑनलाइन मागवते. ते चक्र मला चांगलं ओळखीचं आहे. त्याच्याकडे बघत मी अर्ध्या तासाचा चहा थंड केलेला आहे.

"भाऊ, हे फिरतंय म्हणजे अडकलंय. नेट कुठे आहे तुमचं?"

"तो काय डबा, दारामागे."

डब्यावर एकही दिवा नव्हता. घरात कशावरच नव्हता. मी मेनच्या पेटीकडे पाहिलं. स्विच खाली, कुलूप लागलेलं. लॅपटॉप बॅटरीवर चालत होता, म्हणून पडदा तेवढा उजळलेला.

तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं. धड्याचा व्हिडिओ भाऊ नीट बघायचे, सतरा वेळा मागेपुढे करत. मग सराव उघडला की पहिलीच ओळ असायची: पॅनेल उघडण्यापूर्वी मुख्य पुरवठा बंद करा. भाऊ उठायचे, घराचा मेन खाली ओढायचे, किल्ली खिशात टाकायचे, मोजे चढवायचे आणि मगच माऊसला हात लावायचे. वायफायचा डबा तिथंच मरायचा. उत्तरं बिचारी घरातच राहायची. सगळं झालं की लॅपटॉप बंद, मेन चालू, आणि वहिनी येईपर्यंत काही झालंच नाही असा चेहरा. लोक हसतील हे त्यांना कळत होतं, म्हणून दार बंद. निकाल लगेच दिसला नाही याचंही नवल वाटलं नव्हतं, कारण लिफ्टच्या तपासणीचा कागद नेहमी महिन्यानंतर टपालानं येतो. आणि टपालानं आलं ते शून्य.

"म्हणजे," भाऊ खुर्चीवर बसत म्हणाले, "माझी उत्तरं चुकली नव्हती?"

"ती कुणी पाहिलीच नाहीत, भाऊ."

त्यांनी टॉर्च बंद केला. "ताई, पंधरा दिवस मला वाटतंय की बाराच्या बारा चुकले. म्हणजे तीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या त्या निव्वळ नशिबानं. मी जिन्यानं ये-जा करायला लागलो होतो, लक्षात आलं का तुमच्या?"

आलं नव्हतं. जिन्यात गाठलं होतं त्यांना, तरी आलं नव्हतं. जोडधंद्यात खोट आली म्हणायची.

"बरं, आता सोपं आहे," मी म्हटलं. "मेन चालू ठेवा आणि पुन्हा करा. चित्रच तर आहे. चित्राला शॉक बसत नाही."

"नाही."

"अहो, दोन दिवस उरलेत!"

"माझ्या जोडीदाराची दोन बोटं गेली, ताई. मेन मी बंद केला होता, पण किल्ली पेटीलाच ठेवली. कुणीतरी खालून आलं, लिफ्ट का हलत नाही म्हणून बघायला, आणि चालू केलं." त्यांनी मोजे काढून मांडीवर सरळ केले. "हाताला सवय लावायला मला वर्ष लागलं. चित्रावर दोन दिवस पुरवठा चालू ठेवून काम केलं, तर हात तेच शिकेल. हाताला चित्र कळत नाही."

मी हातातल्या शर्टाची घडी घातली.

आणि मग सुचलं. आमच्या आणि त्यांच्या दारात जेमतेम चार पावलांचं अंतर. "भाऊ, तुमचा मेन खालीच राहू दे. नेट माझ्या घरातनं घ्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. "चालेल तसं?"

"न चालायला काय झालं? तुमची वीज तुमच्या खिशात, माझं नेट माझ्या घरात."

माझा पासवर्ड त्यांना टाइप करून द्यावा लागला. तो काय आहे ते वाचून भाऊ पहिल्यांदा माझ्यासमोर मोठ्यानं हसले. त्यात माझ्या नवऱ्याचं वजन आहे, एवढंच सांगते.

दोन दिवस भाऊंनी रजा काढली. एक धडा झाला की लॅपटॉप घेऊन माझ्याकडे यायचे, इस्त्रीशेजारी चार्जिंगला लावायचे, चहा घ्यायचे आणि परत अंधारात. सगळे धडे तोंडपाठच होते. पहिल्या धड्याला चक्र दोनदा फिरलं आणि त्याच्या जागी हिरवी खूण आली, तेव्हा ते घाबरून मला बोलवायला आले. "थांबलं, ताई! बिघडलं काय?"

तोंडी परीक्षा शेवटच्या दिवशी साडेचारला होती. वहिनींनी दवाखान्यातून लवकर सुटी घेतली. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात, अंधारात. पडद्यावर एक तरुण मॅडम आल्या.

"काका, तुम्ही दिसत नाही आहात. वीज गेलीय का तुमच्याकडे?"

"गेली नाही मॅडम. घालवलीय."

"का?"

"परीक्षेच्या कागदावर लिहिलंय, पॅनेल उघडून दाखवा. म्हणून."

वहिनींनी माझा दंड असा दाबला की त्याचा वळ मी दोन दिवस लोकांना दाखवला.

"आणि पेटीची किल्ली?" मॅडमनी विचारलं.

भाऊंनी कपाळावरचा टॉर्च लावला, खिशातून चिमुकली किल्ली काढली आणि पडद्यासमोर धरली. मॅडम पुढे वाकून बघत राहिल्या. "काका, आतापर्यंत एकोणचाळीस जणांनी मला सांगितलं की आम्ही पुरवठा बंद करतो," त्या म्हणाल्या. "केलेला पहिल्यांदाच बघतेय. ठेवा ती खिशात. पुढचा प्रश्न."

पुढे चौदा प्रश्न झाले. एकाला भाऊ म्हणाले, "हे मला नीट येत नाही, नववा धडा परत बघावा लागेल." बाकीचे सगळे आले. मॅडम गेल्या, चक्र फिरलं, थांबलं, आणि हिरवी खूण आली.

भाऊंनी उठून मेन वर केला. फ्रीज गुरगुरला, डब्याचे दिवे लागले, ओव्हनवर बारा मिचकावायला लागले. वहिनींनी आधी फ्रीजकडे पाहिलं, मग ओव्हनकडे, मग नवऱ्याकडे. "म्हणजे माझा बर्फ तुम्ही..." एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

सोमवारी अडीचला जुडगा वाजला. जिन्यात नाही, लिफ्टमध्ये.

मी निवांत मशीनवर बसले, तर चार वाजता भाऊ दारात उभे. "ताई, नेट आहे ना चालू?"

"अहो, झाली ना परीक्षा!"

"नववा धडा राहिलाय," ते म्हणाले, आणि मागे वळून त्या दिवशी सुटीवर असलेल्या वहिनींना हाक मारली, "फ्रीजमधलं काही काढायचं असेल तर आत्ताच काढ गं!"