डोंगलची कुळी

तात्या कुणाला आधी नाव विचारत नसत. "कुठचा तू? कोणाचा?" एवढंच विचारायचे, आणि वाडी, आजोळ सगळं कळलं की मग पाणी द्यायचे. आमच्या आळीच्या तोंडाशी त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. यंत्रांनाही तीच वागणूक. गिऱ्हाईक म्हणायचं, अमुक कंपनीचं आहे. तात्या म्हणायचे, "खोक्यावर काय, काहीही छापतात. कुळी बघूया."

कुळीच खरी, याची माझी खात्री पटली ती भाचीच्या बारशाला. बारसं कॅनडात, आत्या रत्नागिरीत. मी इथून कुर्रर्र करायचं आणि मग भावाने नाव मोठ्याने सांगायचं, असं ठरलं. बाबांना मोबाइलच्या पडद्यावर माणूस दिसत नाही, आणि कानांनी तर केव्हाच संप पुकारलेला. ऐकू येतं ते फक्त एका जाडजूड, बिनवायरच्या हेडफोनमधून. आमच्या जुन्या कॉम्प्युटरला ब्लूटूथ नाही, म्हणून नखाएवढा डोंगल आणला. नाहीच जमलं तर नाव कागदावर लिहून दाखवते, म्हटलं. बाबा तडकले. "नातीचं नाव वाचायचं नसतं, ऐकायचं असतं."

झालं. खोक्यावरच्या नावाने शोधून मी इंटरनेटवरून ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, उतरवला. चालेना. दुसरा उतरवला, तिसरा उतरवला, तेव्हा माउससुद्धा मेला. बारशाला पाऊण तास उरला होता. रडकुंडीला येऊन मी तात्यांना फोन लावला.

स्कूटरवर पायाशी आंब्याची पेटी ठेवून तात्या हजर. पेटीत पेंढा, पेंढ्यात सीड्या, आणि प्रत्येक सीडीवर नुसते आकडे. "काय गो, किती पाहुणे घरात घेतलेस?" असं म्हणत त्यांनी नुसत्या कीबोर्डवरून माझे तिन्ही ड्रायव्हर काढून टाकले. मग डोंगलचा कुठलातरी लांबलचक नंबर पडद्यावर आणला आणि त्याच्याकडे बघून हसले. "हा खोक्यावरच्यांचा नव्हेच. आतली चिप दुसऱ्याच घरातली. दत्तक आलाय बिचारा." पेंढ्यात हात घालून त्यांनी आकडे जुळवले, सीडी सरकवली, आणि पडद्यावरची बिघाडाची पिवळी खूण गेली. मी नाचले. या वयात, चक्क नाचले.

तोवर कॉल लागला होता. हेडफोन तपासायला तात्यांनी तो स्वतःच्याच कानांना लावला होता, आणि घाईघाईत मी कुर्रर्र करून टाकलं. भावाने सांगितलेलं नाव आजोबांच्या आधी तात्यांनी ऐकलं.

त्यांनी जीभ चावली. "काय ठेवलंन नाव?" बाबांनी विचारलं. तात्यांनी तोंडावर हात ठेवला. हेडफोन त्यांनी बाबांच्या कानांवर चढवला आणि भावाला खूण केली, परत सांग. आवाज इतका वाढवलेला की आम्हालाही ऐकू आला. "मुक्ता."

बाबा पडद्यावरच्या गाठोड्याकडे बघत राहिले. मग तात्यांकडे एक डोळा बारीक करून नातीला म्हणाले, "कुठची गो तू?"

"रत्नागिरीची, बाबा," भाऊ म्हणाला. मुक्ताने भोकाड पसरलं, आणि बाबा हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून ते शेवटपर्यंत ऐकत बसले.

मागच्या वर्षी तात्या गेले. दुकानाला कुलूप आहे, पेटी माझ्याकडे आहे. त्यांची आठवण आली की मला आधी हसू येतं आणि मग डोळे भरतात.

यंदा मुक्ता पहिल्यांदा इथे आली. चार वर्षांची आहे. आजोबांशी रोज बोलून त्यांचीच भाषा उचललेली. कॉम्प्युटरला लावलेल्या डोंगलवर बोट ठेवून तिने विचारलं, "आत्या, हा कुठचा?"

"आपल्या तात्यांकडचा," मी म्हटलं.